घंटा एक, वाजवणारीसह

इतिहासाच्या बाईंनी लोखंडी कपाटाची किल्ली मागितली तेव्हा हेडक्लार्कने दोन दिवस ऑफिस पालथं घातलं. किल्ली सापडली, आणि मग कळलं की कपाटाला कुलूपच नव्हतं. दार नुसतं गंजून बसलं होतं. एवढी वर्षं सगळे समजून होते की आत काहीतरी महत्त्वाचं आहे, म्हणून बंद आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. खांद्याचा एक धक्का दिल्याबरोबर दार उघडलं आणि आतून धूळ, मेलेली झुरळं आणि दोरीने बांधलेले कागद बाहेर आले.

शाळेला सव्वाशे वर्षं होत होती. त्यानिमित्त गावाच्या आणि शाळेच्या इतिहासाची एक चाळीस पानी पुस्तिका काढायची, आठवीला ती वर्षभर शिकवायची आणि तिच्यावर परीक्षाही घ्यायची, असं संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं होतं. लिहायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे काय, बाईंनी मान पुढे करूनच ठेवली होती. सत्तावीस वर्षं त्यांनी लांबच्या राजांच्या लढाया आणि तहांची कलमं मुलांकडून घोकून घेतली होती. आता सात महिन्यांनी निवृत्ती होती. जाण्याआधी एक पान तरी आपलं स्वतःचं असावं, दुसऱ्या कोणालाच माहीत नसलेलं, असं त्यांना फार वाटत होतं. वाटण्यात वाईट काही नाही. पण या वाटण्यापायी पुढे जे झालं ते वाईट झालं.

ही शाळा म्हणजे एके काळचं संस्थापकांचं राहतं घर. त्यांनी ते मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकलं, म्हणून गावात त्यांचा अर्धपुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि दरवर्षी संस्थापकदिनी तीच ती भाषणं आहेत. दिवाणखान्यात दहावी बसते. तबेल्यात बालवाडी भरते, आणि आवाजावरून तिथे फारसा फरक पडलेला नाही.

दोरीतला वरचा कागद होता त्या दानाचं बक्षीसपत्र. अक्षर जुन्या वळणाचं, पण बाईंना त्याची सवय होती. त्या बोट ठेवून वाचत गेल्या. खोल्या चौदा. विहीर एक. तबेला एक. ओसरीतले बाक सहा. दरवाजावरची पितळी घंटा एक, वाजवणारीसह.

बाईंनी ते परत वाचलं. मग खालचा कागद काढला. तो त्याहून तीस-बत्तीस वर्षं जुना होता, संस्थापकांच्या वडिलांच्या नावचं खरेदीखत. "पोर एक. वय अंदाजे नऊ. उजव्या भुवईवर जखमेची खूण. दात सरळ व पूर्ण. आईबाप माहीत नाहीत. ही पोर आणि हिच्या पोटी होतील त्या मुली या घराच्या दरवाजावर वेळेचे टोले देतील. हा हक्क घराच्या मालकाकडे पिढ्यानपिढ्या राहील." खाली विकणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. पोरीचं नाव कुठेच नाही. जिची खरेदी झाली तिचे दात मोजले, नाव विचारायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. मावशींनी दिली.

या मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. सगळी शाळा त्यांना मावशीच म्हणायची. घंटा त्यांच्याकडे, त्यांच्या आधी त्यांच्या आईकडे, त्याआधी आजीकडे. गावात त्यांच्या घराला घंटेवाल्या म्हणत, आणि ते म्हणवून घ्यायला त्या घराला फार आवडे. दुसऱ्या घरांत मुलगी झाली की चेहरे पडायचे. या घरात मुलगी झाली की घंटेची झाली म्हणून शेजारी साखर वाटायचे. संस्थापकदिनी आधी मावशी घंटेपाशी उभ्या राहत, शाळेला जितकी वर्षं झाली तितके टोले देत, आणि तोवर अध्यक्षांपासून बालवाडीपर्यंत सगळे उभे. नंतर त्यांना नवं कापड मिळे आणि पहिल्या रांगेत खुर्ची. याला घंटेचा मान म्हणत. जागा कायम, पगार शाळेचा, आणि आईनंतर लेकीला विनाजाहिरात. मावशींची लेक एका कारखान्यात खोकी बांधत होती, रोजावर. अकरा महिन्यांनी मावशी निवृत्त होणार आणि लेक घंटेवर येणार, हे दगडावरची रेघ असल्यासारखं ठरलेलं होतं. नात याच शाळेत आठवी ब मध्ये.

मावशी आणि बाई रोज स्टाफरूमच्या मागच्या खोलीत एकत्र डबा खात. बावीस वर्षांची सवय. त्या दिवशी बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"मावशी, घंटा तुमच्या घरात कशी आली हो?"

"शंभर वेळा सांगितलंय की," मावशी म्हणाल्या, पण त्यांना परत सांगायला आवडायचं. "आमच्या मूळ आजीनं आणली. घराला आग लागली, सगळे गाढ झोपलेले. हिनं टोल्यांवर टोले दिले आणि अख्खं घर वाचवलं. तेव्हा मालक म्हणाले, बाई गं, ही घंटा आजपासून तुझी आणि तुझ्या लेकींची."

"आग लागली होती?"

"नाही तर काय, शेकोटी? असं काय विचारताय? जेवा, गार होतंय."

बाई जेवल्या. कागद त्यांच्या पिशवीत होता, पिशवी मांडीला टेकलेली होती, आणि तो बाहेर काढायला एक हात पुरला असता. त्यांनी काढला नाही. रात्रभर स्वतःची समजूत घातली की आधी नीट खात्री करू, मग सांगू. धड्यातच त्यांना मानाने वाचायला मिळेल. खरं कारण एवढंच होतं की मावशी नको म्हणतील ही भीती होती, आणि नको हा शब्द बाईंना ऐकायचा नव्हता.

त्यांनी पान लिहिलं. पुस्तिकेचं एकोणिसावं. चांगलं लिहिलं, ते नाकारून चालणार नाही. दान म्हणून ज्याची आपण आरती करतो त्या दानात माणसं होती, असं सरळ लिहिलं. गुलाम हा शब्द जिथे हवा तिथे ठेवला. संस्थापकांनी स्वतः विकत घेतलं नाही, पण बापाने घेतलेलं माणूस भांड्यासारखं पुढे दिलं, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं की घंटेचा मान हा मान नसून विक्रीची खूण आहे, आणि ती आजही आपल्या दरवाजावर आहे. कच्चा मजकूर अध्यक्षांकडे पाठवला आणि उत्तराची वाट न बघता आठवी ब मध्ये शिकवूनही टाकला.

बाईंनी मनाशी धरलं होतं की वर्ग सुन्न होईल आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्या पुतळ्याकडे बघेल. वर्ग सुन्न झाला. पण पुतळ्याकडे एकानेही बघितलं नाही. बेचाळीस डोकी तिसऱ्या बाकाकडे वळली. तिथे मावशींची नात बसली होती, वहीत लिहीत. ती खाली बघून लिहीतच राहिली.

मागून एकाने विचारलं, "बाई, म्हणजे हिची आजी पण शाळेचीच का? बाकांसारखी?"

कोणी मुद्दाम हसलं नाही. आधी एक खुसखुसला, मग सगळे. बाईंनी डस्टर आपटला, गप्प बसा म्हणाल्या, माणसाला विकणाऱ्याला लाज वाटायला हवी, विकलेल्याला नाही, असं तीन-तीनदा सांगितलं. सगळं खरं होतं. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, नेहमीसारखी तीन टोल्यांची, आणि वर्ग बाकांवर डोकी टेकून हसला.

दुसऱ्या दिवशी मावशी डब्याला आल्या नाहीत. अध्यक्षांचा निरोप मात्र आला.

अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे सख्खे पणतू. बाई जाताना राजीनाम्याची भाषासुद्धा मनात जुळवून गेल्या होत्या. हौतात्म्याची तयारी माणूस फार आवडीने करतो. पण अध्यक्षांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"वाचलं मी, मॅडम. एका बैठकीत वाचलं. तुम्हाला वाटलं असेल, पणजोबांचं नाव आलंय म्हणून मी चिडेन."

"वाटलं होतं."

"छे. काळच तसा होता. लपवायचं कशाला? उलट आपण सुधारलो हे दाखवायचं. एकाच घरातल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या घंटा बडवायची, हे किती वाईट. तुम्हीच लिहिलंय, शेवटचा परिच्छेद. मी खाली रेघ मारून ठेवलीय." त्यांनी कागद फिरवून दाखवला. रेघ पट्टीने मारली होती. "म्हणून आपण विजेची घंटा बसवू. आपोआप वाजते. तिला रविवारसुद्धा कळतो."

बाईंनी विचारलं, "आणि मावशींच्या लेकीची जागा?"

"कुठली जागा? ती तर गुलामगिरी. पोरगी मोकळी झाली की आता."

"मी नोकरी बंद करा असं कुठे लिहिलंय? साधी शिपाई म्हणून घ्या तिला."

"घेऊ की. जाहिरात काढू, तिने अर्ज करावा. दहावी पास लागेल. ती सातवी ना?" अध्यक्षांनी चहाचा कप बाईंच्या पुढे सरकवला. "हे बघा, माझा आग्रह नाही. पान काढलंत तर खूण नाही, आणि खूण नाही तर जुनी घंटा आहे तशी चालू द्या, लेकही येऊ द्या. पान ठेवलंत तर मात्र ते वाचून लोक मलाच विचारतील की मग तुम्ही काय केलंत. दोन्हींतलं एक. उद्या सकाळी छपाईला जायचंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशीचा दोर बाईंनी स्वतः वळून दिला होता. एवढं त्यांना जिना उतरताना कळलं. कळलेलं तिथे जिन्यातच राहिलं नसतं तर बरं झालं असतं.

दुपारी मावशी मागच्या खोलीत आल्या. डबा नव्हता. शाळेत भिंतींना नुसते कान नाहीत, तोंडंही आहेत. वर काय झालं ते त्यांना आधीच कळलं होतं.

"कागद दाखवा," त्या म्हणाल्या.

बाईंनी दाखवला. मावशींना ते अक्षर लागत नव्हतं, म्हणून बाईंनी वाचून दाखवलं. दातांपाशी आल्यावर मावशींनी हात वर केला.

"म्हणजे तोंड उघडून बघितलं असणार," त्या म्हणाल्या. "गुरांचं बघतात तसं." मग विचारलं, "आणि आग?"

"आगीचं कुठे काही सापडलं नाही मावशी."

"कोणीतरी रचलं असेल. पोरींना सांगायला काहीतरी लागतं." त्यांनी कागदाची घडी स्वतः घातली, जुन्याच खुणांवर, नीट. "बाई, हे मला एकटीला सांगितलं असतं तर मी एकटी रडले असते. पोरगी काल घरी आली आणि तिनं मला विचारलं, आजी, तू बाक आहेस का?"

"मी चुकले."

"ते राहू द्या. मी भांडायला नाही आले." त्या पुढे सरकून बसल्या. "खरं आहे तर छापा. मी कोण नको म्हणणारी? पण अकरा महिने थांबा. माझी लेक एकदा जागेवर चिकटली, तिचं नाव कायमच्या यादीत चढलं, की मग पान छापा, पुस्तक छापा, चौकात मोठ्यानं वाचा. मी स्वतः येईन ऐकायला. अकराच महिने."

दीडशे वर्षं गंजलेल्या कपाटात थांबलेला कागद अकरा महिने आणखी थांबला नसता का? थांबला असता, कागदाला घाई नव्हती. घाई बाईंना होती. अकरा महिन्यांनी त्या शाळेत नसणार होत्या, पुस्तिका दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असणार होती, आणि ज्या हेडक्लार्कला किल्ली सापडत नव्हती त्याच्याच नावावर ते पान गेलं असतं.

"मावशी, सत्य असं थांबवता येत नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांना स्वतःलाही तोंडातल्या खड्यासारखं लागलं, तरी त्या बोलत राहिल्या. "हे मी तुमच्यासाठीच करतेय. त्या विकत घेतलेल्या पोरीसाठी."

"ती मेली बाई," मावशी म्हणाल्या. "माझी लेक जिवंत आहे."

त्या उठल्या आणि पाचव्या तासाची घंटा द्यायला गेल्या. एक मिनिटसुद्धा उशीर झाला नाही.

रात्री बाईंना झोप लागली नाही, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ती लागली. सकाळी त्यांनी अध्यक्षांना फोन करून सांगितलं, पान राहू द्या. लेकीच्या जागेसाठी आपण वेगळा अर्ज लिहू, शिक्षकांच्या सह्या घेऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. अर्ज लिहिलाही. सहा सह्या मिळाल्या. बाकीच्यांना बाईंचं म्हणणं पटलं, फक्त पेन सापडलं नाही.

संस्थापकदिनी दरवाजावर फीत बांधली होती. जुनी घंटा उतरवून काचेच्या पेटीत ठेवली होती, तिच्याशेजारी लाकडी मोगरी. मावशींना स्टेजवर बोलावलं, शेवटच्या घंटेवाल्या म्हणून कापड दिलं, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी भाषणात मोकळेपणाने गुलाम हा शब्द चार वेळा वापरला आणि लोकांना त्यांचं फार कौतुक वाटलं. मग त्यांनी बटण दाबलं. घंटा इतकी कर्कश वाजली की बालवाडीतली दोन पोरं रडायला लागली. मावशींनी कापड मांडीवर ठेवलं, आणि त्या पहिल्या रांगेत सरळ समोर बघत बसल्या.

निवृत्त होईपर्यंतच्या महिन्यांसाठी त्यांना स्वच्छतागृहांकडे दिलं. घंटाच नाही, तर शिपायाने करायचं काय, असं हेडक्लार्क म्हणाला. लेक खोकी बांधत राहिली. मागच्या खोलीत बाई एकट्या जेवू लागल्या.

पुस्तिका त्या दिवशीच वाटली होती. बाईंनी घरी नेऊन एकोणिसावं पान उघडलं. पान अर्धं झालं होतं. खरेदीखत नव्हतं, दात नव्हते, वाजवणारीसह हा शब्द नव्हता. "त्या काळच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे काही कुटुंबं घराच्या सेवेत असत व त्यांना प्रेमाने वागवलं जाई. गुलामगिरीची ही अखेरची खूण संस्थेच्या विद्यमान अध्यक्षांनी विजेची घंटा बसवून पुसून टाकली." मागच्या पानावर ठळक अक्षरांत लेखिका म्हणून बाईंचं नाव. तेलही गेलं, तूपही गेलं.

त्या तावातावाने अध्यक्षांकडे गेल्या. "माझा मजकूर बदललात तुम्ही."

"बदलला कुठे, आटोपशीर केला. चाळीस पानांत बसवायचा होता."

"मूळ कागद कुठे आहेत? मी ऑफिसात परत दिले होते."

"सुरक्षित आहेत. कपाटात." अध्यक्ष मनापासून हसले. "नवीन कपाट घेतलंय, मॅडम. कुलूपसुद्धा लावलंय."

बाईंनी वर्गात खरं पान फळ्यावर लिहून शिकवायचा प्रयत्न केला. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीने हात वर केला, बाई, हे परीक्षेला आहे का? नाही म्हटल्यावर वर्गाने पेनं खाली ठेवली. मावशींच्या नातीने हे असलं काही सुरू झालं की पाणी प्यायला जाऊ का विचारायचं आणि तास संपेपर्यंत परत यायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. बाई तिला जा म्हणायच्या.

वार्षिक परीक्षेचा पेपर संस्थेने काढला. प्रश्न सातवा होता: आपल्या गावातील गुलामगिरीची शेवटची खूण कोणी व कशी पुसली? दोन गुण. बाईंनी आठवी ब चे त्रेचाळीस पेपर स्टाफरूमच्या लांब टेबलावर तपासायला घेतले. ही त्यांच्या नोकरीतली शेवटची तपासणी. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, कारण लिहिण्यासारखं एकच होतं. खिडकीबाहेर मावशी बादली घेऊन नळाकडे चालल्या होत्या. बाईंनी मान वर केली नाही.

एकतिसावा पेपर नातीचा निघाला. बाईंनी आधी तो सातवाच प्रश्न काढला. उत्तर होतं, "संस्थेचे विद्यमान अध्यक्ष यांनी विजेची घंटा बसवून पुसली." बाईंनी पान उलटून मागे पाहिलं. एखादी खोडलेली ओळ, एखादा वेगळा शब्द, रागाने दाबलेलं पेन, काहीतरी असेल म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलं. अक्षर स्वच्छ होतं, ओळी सरळ होत्या. परीक्षेत आपलं डोकं चालवायचं नाही, पुस्तकात असेल तेच लिहायचं, असं बाई सत्तावीस वर्षं प्रत्येक वर्गाला बजावत आल्या होत्या, आणि पोरीने तेच केलं होतं. बाईंनी लाल पेनने दोनपैकी दोन गुण दिले आणि पुढचा पेपर ओढला.